शेवंतीचा पाट

"जागा राखूची, पण राखलेल्या जागेर बसूचा नाय. बसलंस की मगे ती राखण रवना नाय. काय?"

हौसाबाईचं हे बोलणं संचिताला अजून ऐकू येई. चादरीची कड हनुवटीखाली दाबून घडी घालता घालता ती बोलायची, त्यामुळे आवाज थोडा अडकत यायचा. माणूस गेलं तरी आठवणीतला आवाज तसाच अडकत येतो, याचं संचिताला नवल वाटे.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागून रिसॉर्ट होतं. त्याच्या मागच्या फाटकाजवळ धुलाईची शेड. चादरी धुवायला आणि वाळवायला आत यंत्रं होती, पण घडी घालायची ती गावच्या बायांनी. शेडीपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर प्रत्येकीचा एक पाट. घरून आणलेला, बसून बसून गुळगुळीत झालेला. हौसाबाई त्यांच्यातली जुनी. कोणी बाळंतपणाला गेली, कोणाच्या घरी सुतक आलं, कोणाला ताप भरला, की तिच्या वाटणीच्या चादरी बाकीच्या आपापसांत वाटून घ्यायच्या. तिचा पाट जागचा हलवायचा नाही. त्यावर तिचा टॉवेल घडी करून ठेवायचा आणि तिथे कोणी बसायचं नाही. बदली म्हणून कोणाची बहीण-भावजय आलीच, तर तिनं पाटाशेजारी खाली बसायचं. गेलेली परत आली की टॉवेल झटकून बसायची, जणू पाणी प्यायलाच उठली होती.

ठेका गावातल्याच गंगारामशेटकडे होता. तो संध्याकाळी घड्यांचे गठ्ठे बघायचा, डोकी मोजायचा नाही. "पाट किती आणि बाया किती, ह्या तुमचा तुमी बघा," म्हणायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हौसाबाईला ओरोसच्या दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. जाताना गाडीत बसायच्या आधी तिनं कोणाला जागा राखायला सांगितली नाही. तेव्हाच संचिता समजली होती. पुढे बऱ्याच दिवसांनी हौसाबाईच्या मुलानं तिचा पाट घरी नेला. त्याच्या खालचा सिमेंटचा चौकोन बाकीच्या ओट्यापेक्षा पांढरा निघाला. त्यावर आपला पाट सरकवायला कोणाचं मन झालं नाही.

म्हणून रिसॉर्टमध्ये लशीचं शिबिर भरलं तेव्हा रांगेत पहिली संचिता उभी राहिली. सोमवार होता, उपास होता. ताप आला तर गोळी घ्यावी लागेल आणि गोळीसाठी पोटात काही घालावं लागेल, हा विचार तिच्या मनात आला. मग तिनं मनातल्या मनात आचऱ्याच्या रामेश्वराला हात जोडले आणि बाही वर केली.

तिच्या मागे शेवंती होती. वयानं बरीच लहान, सातवा महिना लागलेला. सुईला भ्यायची म्हणून तिनं संचिताचा पदर धरून ठेवला होता. नर्सबाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि मान हलवली. "तुला आत्ता नाही. गरोदर बायांना द्यायची नाही असा नियम आहे. बाळंत झालीस की ये."

शेवंती सुटल्यासारखी हसली. दोनच दिवसांनी ती माहेरी, मिठबावला जायची होती.

"वैनी, माझी जागा राख हां. आणि पोर झाला की सुईक तूच घेवन जा माका. तू हात धरलंस की मी हलाचंय नाय."

"राखतंय. आणि घेवन पण जातंय. जा तू बिनघोर," संचिता म्हणाली.

संचिताचे नेम बरेच होते. आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, मग चहा. सोमवार, एकादशी, चातुर्मासात एकभुक्त. ते सगळ्यांना ठाऊक होते. एक नेम मात्र तिनं कोणाला सांगितला नव्हता. तोंडातून जाईल ते खोटं होऊ द्यायचं नाही. हा नेम सगळ्यांत अवघड, कारण तो मोडला तर कोणाला कळत नाही.

गणपती गेल्यावर शेवंतीला मुलगी झाली. ओट्यावर बातमी आली तेव्हा लक्ष्मीकाकीनं शेवंतीच्या पाटावरचा टॉवेल झटकून पुन्हा घडी केला. लक्ष्मीकाकी आता त्यांच्यात सगळ्यांत मोठी, आणि तोंडानं सगळ्यांत मोकळी. "ह्या टॉवेलाक आता बाळाचो वास मारतलो," म्हणाली.

दिवाळीनंतर गंगारामशेटचा ठेका गेला. रिसॉर्टच्या मुंबईच्या कचेरीनं सगळ्या ठिकाणचं काम एकाच एजन्सीला दिलं होतं. शेट बिचारा निरोप द्यायला आला, ओट्याच्या कडेला बसला, चहा घेतला आणि उठला. दुसऱ्या दिवशी विनीत आला. एजन्सीचा सुपरवायझर, कणकवलीकडचा, विशी-पंचविशीतला पोरगा. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. बोलायला मऊ, बायांना ताई म्हणायचा.

"उद्यापासून हजेरी चेहऱ्यावर लागेल," तो म्हणाला. "मोबाईलसमोर उभं राहायचं, झालं. आणि दोन्ही डोस झालेल्या बायांनाच फाटकातून आत सोडायचं. हा नियम वरचा आहे, माझा नाही. तुमचे झालेत ना सगळ्यांचे?"

झाले होते. गंगारामशेटनं पाठीमागे लागून दुसरं शिबिरही करवलं होतं.

"आणि हे पाट?" विनीतनं विचारलं.

"बसूक," लक्ष्मीकाकी म्हणाली. "तुमच्या कणकवलीक उभ्यान बसतत काय?"

तो हसला. "राहू देत. तपासणीला कोणी आलं की तेवढे आत ठेवा. हा रिकामा कोणाचा?"

संचितानं सांगितलं. शेवंतीचं बाळंतपण, नर्सबाईंनी परत पाठवलेलं, सगळं. विनीत ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता त्याचा अंगठा मोबाईलवर थांबला.

"ताई, आता गरोदर बायांनाही देतात. बाळंतिणींना तर कधीपासून देतात. नियम बदलला त्याला कितीतरी महिने झाले."

"मिठबावाक तिका कोण सांगतला?" लक्ष्मीकाकी म्हणाली. मग तिला दुसरंच काही आठवलं. "आणि काय हो, आमच्या धोंडूतात्यान सुई खंय घेतल्यान? तो तर रोज फाटकार बसता."

धोंडूतात्या मागच्या फाटकाचा राखणदार. रिसॉर्टचं फाटक उभं आहे ती जमीन त्याच्या बापाची. जमिनीच्या बदल्यात त्याला नोकरी मिळाली, तीही कंपनीची, कायमची. सुईचं नाव काढलं की तो म्हणे, माझ्या अंगात समुद्राचं मीठ आहे, मला कसला रोग.

विनीतनं खाली बघितलं. "ते पर्मनंट आहेत. त्यांची दर आठवड्याला टेस्ट होते, कंपनी करते. तुम्ही एजन्सीच्या. तुमच्यासाठी टेस्टची सोय नाही."

"म्हणजे रोगाक पण कळता, कोण पर्मनंट आणि कोण ठेक्यार?"

विनीतला हसू आलं, पण ते त्यानं अर्ध्यावर गिळलं. "महिनाअखेर बायांची भरती पुरी दाखवायची आहे. रिकामी जागा चालणार नाही, काकी. तुम्ही कोणी आणलीत तर तिला घेतो. नाहीतर कुडाळहून एजन्सीची बाई येईल, आणि ती आली की मग ती जागा तिचीच."

त्या दुपारी संचितानं मिठबावला फोन लावला. मागे मुलगी रडत होती, शेवंती तिला हलवत हलवत बोलत होती.

"वैनी, तेवा नर्सबाईनच सांगल्यान, तुका नको. पोटात पोर आसा म्हणान. आता ताच पोर माझ्या दुधार आसा. पोर ताच, सुई तीच. तेवा वायट होती ती आता बरी कशी झाली?"

"आता डॉक्टर सांगतत, चलता म्हणान."

"तेवा नको म्हणान सांगत होते ते पण डॉक्टरच मा?"

शेवंती अडाणी नव्हती, हटवादीही नव्हती. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं तिनं ऐकलं होतं, एवढंच. 'नको' समोर बसवून सांगितलं गेलं. 'हो' मात्र तिला सांगायला कोणी मिठबावपर्यंत गेलं नाही.

"आये पण नको म्हणता," शेवंती हळू आवाजात म्हणाली. "पण तू येवन बाजूक बसलंस तर मी घेतंय. तुझ्यार माझो इस्वास आसा. तू म्हणालं होतंस, हात धरतंय."

"येतंय. ह्या रविवारी येतंय."

पण रविवारी रिसॉर्ट भरलेलं होतं. दीड-दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं समुद्र बघायला सुटली होती, आणि चादरींचे ढीग ओट्यावरून खाली येत होते. आधीच एक हात कमी. गंगारामशेट असता तर तिनं नुसतं सांगितलं असतं. आता चेहरा दाखवायचा होता. संचितानं फोन करून पुढचा रविवार सांगितला. पुढच्या रविवारी दोन लग्नांची वऱ्हाडं उतरली. त्या संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे बसली. येते म्हणून न जाणं हे खोट्यात धरायचं की नाही, असं तिनं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत भाकऱ्या थापायला उठली.

महिनाअखेर जवळ आली तेव्हा तिनं किशोरीचं नाव सुचवलं. किशोरी तिच्या दिराची मुलगी, याच गावात दिलेली. नवरा ओमकार गोव्याच्या हॉटेलात होता, टाळेबंदीत घरी आला तो पुन्हा बोलावलाच नाही. दोन लहान मुलं. दोन्ही डोस झालेले.

"कुडाळची बाय इली तर जागा कायमची गेली," संचिता ओट्यावर म्हणाली. "किशोरी घरची. ती राखतली. शेवंती इली की उठतली."

लक्ष्मीकाकीनं चादर झटकली. "राखणदार घरचो असलो म्हणान आंबे खाणा नाय, असा कोणी सांगला तुका?"

तरी दुसरा मार्ग नव्हता. किशोरीनं तुळशीपुढे उभं राहून सांगितलं, "काकी, शेवंतीवैनी इली की मी उठतंय." तेव्हा ते तिच्या मनातलंच होतं. संचिताला माणसाचा आवाज कळायचा.

पहिले काही दिवस किशोरी पाटाच्या शेजारी खाली बसली. मग थंडीचे दिवस आले, सकाळी सिमेंट गार लागायला लागलं. तिनं खाली गोणपाट घेतलं. मग एक दिवस पाठ आखडली म्हणून पाटाच्या कडेला टेकली. टॉवेल आधी पाटावर होता, मग पाटाच्या टोकाला गेला, मग भिंतीवरच्या खिळ्याला. कोणत्या दिवशी ती पुरती पाटावर बसली, हे नंतर कोणालाच सांगता आलं नसतं. ओमकार घरात भांडेनासा झाला, धाकट्याचा खोकला औषधानं गेला. किशोरीचा चेहरा भरला. संचितानं हे सगळं बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं की तिला तो भरलेला चेहरा दिसे आणि ती चादरीचा दुसरा कोपरा शोधू लागे.

संक्रांत झाल्यावर एका सोमवारी सकाळी शेवंती आली.

मागच्या फाटकाशी बोलणं ऐकू आलं तेव्हा संचिता उशांचे अभ्रे मोजत होती. शेवंती खांद्यावर मुलगी घेऊन गजांच्या बाहेर उभी होती. हातात कागदाची पुडी. धोंडूतात्यानं खुर्चीतून उठून फाटकावर हात ठेवला होता.

"थांब गो बाय. सुई घेतलंस?"

"नाय, तात्यानू. संचितावैनी नेतली आसा. मी आज नुसती सांगूक इलंय, पुढल्या सोमवारपासून येतंय म्हणान."

"मगे आत सोडूक गावाचा नाय. हुकूम आसा."

"तुमी घेतलास?"

धोंडूतात्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "माझी गोष्ट येगळी. माझ्या नाकात काडी घालतत. दर बुधवारी."

"मगे माझ्या पण नाकात घाला. मी काय नाय म्हणतंय?"

तात्या वाईट माणूस नव्हता. शेवंतीच्या लग्नात यानंच मांडवाला झावळ्या पुरवल्या होत्या. त्यानं फाटकावरचा हात काढला नाही, पण मानही वर केली नाही.

फाटकातून ओटा सरळ दिसतो. शेवंतीची नजर तात्याच्या खांद्यावरून ओट्यावर गेली आणि तिथेच थांबली. फणसाच्या लाकडाचा, एक कोपरा उडालेला पाट. त्यावर किशोरी.

"माझो पाट," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

संचिता फाटकापाशी पोचली, मागोमाग लक्ष्मीकाकी. किशोरीही आली. ती चोरासारखी आली नाही, सरळ आली, आणि गजांना धरून बोलली.

"शेवंतीवैनी, मी शब्द दिललय ता खरा. तू म्हण, मी आता उठतंय. पण मी उठलंय तर तू बसतलंस? तुका आत सोडणत नाय. मगे फाल्या कुडाळची बाय येतली, ती बसतली. माझ्या पोरांच्या तोंडातलो घास जातलो आणि तुझ्या पोराच्या तोंडात काय तो पडाचो नाय. तूच सांग, उठू?"

किशोरी खरं बोलत होती, हे शेवंतीलाही कळलं असावं. ती संचिताकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर संचिताला बरं वाटलं असतं.

"वैनी, तू येतंय म्हणालं होतंस. मी पोराक न्हाववन, लुगडा बदलून अंगणात बसान रवलंय. आये विचारी होती, कोण येतला गो? मी सांगलंय, संचितावैनी. ह्यो रविवार गेलो, पुढचो गेलो. मगे आयेन विचारूचा बंद केल्यान."

"कामाक सुट्टी," संचितानं सुरुवात केली आणि पुढचं वाक्य तिला बोलवेना. सुट्टी नव्हती हे खरं होतं. तिनं मागितली नव्हती हेही खरं होतं. मागितली असती तर आपलंच नाव विनीतच्या डोळ्यांवर येईल, या भीतीनं तिनं मागितली नव्हती.

शेवंतीनं गजांतून पुडी पुढे केली. "खटखटे लाडू आसत. चेडवाच्या नावान केलेत. सगळ्यांका दी." मग मुलीच्या टोपडीची गाठ नीट केली आणि सुरूच्या बनातल्या वाटेनं चालू लागली. धोंडूतात्या खुर्चीत बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

लाडू सगळ्यांनी घेतले. संचिताला सोमवार होता. तिनं आपला लाडू पदराच्या टोकाला बांधला. संध्याकाळी दिवा लावल्यावर उपास सोडायचा तेव्हा गाठ सोडली, लाडू तसाच देवापुढे ठेवला आणि भाताची पेज घेतली.

नवरा बाबली अंगणात जाळं सांधत बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. किशोरीचं, शेवंतीचं, आणि सुट्टी न मागितल्याचंही. बाबलीनं सुतळी दातानं तोडली.

"किशोरीक उठवून काय गावाचा नाय," तो म्हणाला. "ती म्हणता ता बरोबर."

"उठवणंय नाय तिका. माझी एक जागा आसा मा?"

बाबलीचे हात थांबले. मासळी कधी लागते, कधी नाही. महिन्याच्या महिन्याला येणारी घरातली मिळकत ती एकच होती.

"तू आधी तिका सुईक घेवन जा," तो म्हणाला. "ती घेता काय बघ. पुढचा पुढे." आणि पुन्हा जाळं ओढून घेतलं. त्यात होकार किती आणि टाळणं किती, हे संचितानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विनीतला गाठलं. तो हजेरीचा मोबाईल चार्जिंगला लावत होता. त्याच्याशी बोलताना ती नेहमी शाळेतल्यासारखं सावकाश बोलायची.

"साहेब, एखादी बाई स्वतःहून सोडून गेली, तर तिच्या जागी गावातली दुसरी घ्याल?"

"घेईन ना. मला तरी कुठे बाहेरून आणायची हौस आहे? फक्त दोन्ही डोस हवेत."

"दोन सुयांच्या मध्ये तीन महिने जातात. तोपर्यंत चैत्र येईल. चैत्रात एकीनं सोडली आणि मी नाव सांगितलं, तर ते चालेल?"

काहीतरी विनीतच्या ध्यानात आलं असावं. त्यानं मोबाईल खाली ठेवला आणि त्याची भाषाच बदलली.

"ताईनू, खोटा कशाक सांगू. माझा पण मार्चपर्यंतच आसा. पुढे एजन्सी माका ठेवता की नाय, माझा माकाच म्हायत नाय. मी असलंय तर नक्की घेतलंय. नसलंय तर माझ्या जागेर जो येतलो तेका सांगून जातंय. पण तो ऐकतलोच असा नाय."

आजवर तो त्यांच्याशी मालवणीत बोलला नव्हता. संचिताला वाटलं, याचाही पाट कोणी राखलेला नाही.

"बोललात तेवढं पुरे," ती म्हणाली.

ती ओट्यावर आली. तिचा पाट नेहमीच्या जागी होता, आंब्याच्या लाकडाचा, आईनं दिलेला. तिनं कमरेचा टॉवेल सोडला, घडी केला, पाटावर ठेवला आणि शेजारी सिमेंटवर मांडी घालून बसली. ओटा गार होता. तिनं पहिली चादर ओढून घेतली.

लक्ष्मीकाकी बघत राहिली. "काय गो ह्या? कोणाची जागा राखतंस? तू तर हयच आसस."

"नेम आसा."

"कसलो?"

"बसाचो नाय, असो."

"तुझे नेम म्हणजे," लक्ष्मीकाकी म्हणाली. "एक दिवस श्वास घेवचो नाय असो नेम करशीत आणि आमका घाटार नेवची पाळी आणशीत." पण बोलता बोलता तिचं लक्ष टॉवेलाच्या घडीकडे गेलं. हौसाबाई घालायची तशी होती, कडा आत दुमडलेली.

किशोरीनं मात्र सगळं ओळखलं. तिच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर थांबली. ती काही उठली नाही. तिला उठणं परवडणारं नव्हतं, आणि संचितानंही तिच्याकडे बघितलं नाही, तिला लाजवायचं नव्हतं म्हणून. दिवसभर दोघींमध्ये चादरी सरकत राहिल्या. काम सुटायच्या वेळी किशोरी उशांचे अभ्रे रचत, मान खाली घालूनच म्हणाली,

"काकी, येत्या रविवारी मिठबावाक शाळेत शिबिर आसा म्हणतत."

"व्हय. ऐकलंय."

"रविवारच्या तुझ्या चादरी माझ्याकडे दी. निम्म्यो लक्ष्मीकाकी करतली. ती माका आधीच म्हणाली." थोडं थांबून तिनं विचारलं, "चेहरो लागाचो नाय तो दिवस. तुझो खाडो पडात मा?"

"पडांदे," संचिता म्हणाली.

शनिवारी तिनं विनीतला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही. तिनं मिठबावला फोन केला नाही. फोनवर दिलेला शब्द आता शेवंतीच्या काय कामाचा? दारात उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. ती दार उघडेल का, हात देईल का, तिची आई काय बोलेल, सुई घेतलीच तर चैत्रात विनीत असेल का, यातलं काहीच संचिताच्या हातात नव्हतं.

रविवारी तिनं आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. देवापुढचा लाडू कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. चहा केलाच नाही. एसटीचा संप अजून चालू होता, मिठबावची खाजगी गाडी धरायची तर आचऱ्यापर्यंत रिक्षा मिळेल ती बघायची, नाही मिळाली तर पायी. बाबली अंगणात तोंड धूत होता. त्यानं खुंटीवरची छत्री काढून तिच्या हातात दिली. उन्हासाठी.

तिनं चपला पायात सरकवल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि माडांच्या सावलीतून मोठ्या रस्त्याच्या दिशेनं निघाली.